पायाळूची लाथ, खिशातला कांदा : जुने गावठी इलाज लागू कसे पडायचे?

उसण भरली की वऱ्हाडात आधी पायाळू माणूस शोधत. पायाळू म्हणजे जन्मताना डोक्याआधी पाय बाहेर आलेला. गावात असं एखाददुसरं कोणी असायचंच, आणि ते कोण हे सुईणीच्या कृपेने सगळ्यांना ठाऊक असायचं. कंबर धरून वाकलेला गडी ओट्यावर पालथा पडायचा. मग पायाळू बाई नाहीतर पोरगं येऊन त्याच्या कमरेत लाथ घालायचं, कुठे तीन वेळा, कुठे पाच. अंगणात गर्दी. "हाण जोरानं, मागच्या सालचे पैसे बाकी आहेत त्याच्याकडं!" असं कोणीतरी ओरडायचं. त्यातून लाथ मारणारी सून आणि पालथा पडलेला सासरा असला, तर गावाला पोळ्यापर्यंत पुरेल एवढा विषय मिळायचा. सुनेने सासऱ्याला लाथ मारायची एवढी एकच राजरोस सोय होती.

आणि उसण उतरायची. हसण्यावारी नेऊ नका, खरंच उतरायची. आजही साठी ओलांडलेले लोक शपथेवर सांगतात, आणि ते खोटं बोलत नाहीत. मग प्रश्न असा पडतो की जन्मताना पाय आधी आले म्हणून त्या पायात गुण कुठून आला?

गुण पायात नव्हता, वेळेत होता. कमरेची उसण म्हणजे बहुतेक वेळा आखडलेला स्नायू. असं दुखणं बहुतेकांचं काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत, काहीही केलं नाही तरी कमी होतं. आता माणूस इलाजाला कधी निघतो ते बघा. पहिल्या दिवशी नाही. तेव्हा तो "होईल बरं" म्हणून वखर धरतो. दुसऱ्या दिवशी बायको तेल चोळते. उठता-बसता येईना, खाटेवरून पाय खाली टेकवेना, अशी गत झाली की मग पायाळूला बोलावणं जातं. म्हणजे दुखणं कळसाला पोचलं तेव्हा. कळसानंतर उतरणच असते. त्या घडीला लाथ मारा, लिंबू उतरवा नाहीतर मिठाची पुरचुंडी शेका, पुढचे दोन दिवस बरेच जाणार, आणि श्रेय शेवटच्या इलाजाला मिळणार. संख्याशास्त्रात याला सरासरीकडे परतणं म्हणतात. आमच्याकडे त्याला "हाताला गुण आहे" म्हणत. इथे पायाला, एवढाच फरक.

शिवाय भरवशाचा भाग होताच. दहा माणसं भोवती जमलीत, आपल्या दुखण्याची दखल घेताहेत, हसवताहेत, याने वेदना खरोखर कमी जाणवते. तो मनाचा खेळ म्हणून सोडून देण्यासारखा नाही. बरं वाटेल अशी अपेक्षा असली की मेंदू वेदनेची धार खरंच बोथट करतो. मात्र भरवसा दुखणं कमी करतो. तो मोडलेलं हाड सांधत नाही, रक्तातला जंतू मारत नाही आणि सापाचं विष उतरवत नाही. पुढची सगळी गोष्ट या फरकाची आहे.

हिवतापाचं उदाहरण तर याहून नामी आहे. पावसाळा सरता सरता थंडी वाजून येणारा ताप घरोघर असायचा. त्यातला तिजारा एक दिवस चढायचा, दुसऱ्या दिवशी माणूस ठणठणीत, तिसऱ्या दिवशी पुन्हा गोधडीखाली. याचं कारण हिवतापाच्या एका जातीचा परजीवी रक्तातल्या तांबड्या पेशीत वाढतो आणि साधारण ४८ तासांनी त्या पेशी फोडून बाहेर पडतो. पेशी फुटल्या की हुडहुडी. तापाच्या दिवशी सूर्य उगवायच्या आत, कोणाशी न बोलता, शिवारातल्या झाडाला दोरा बांधून यायचा असा एक इलाज होता. दोरा बांधला, दुसऱ्या दिवशी ताप नाही! तो नसणारच होता. तिसऱ्या दिवशी आला तर "वाटेत कोणाशी बोललास काय रे?" अशी चौकशी व्हायची. आणि खेड्यात पहाटे निघालेल्या माणसाला "काहून बाप्पा, इतक्या सकाळी कुठं?" असं विचारणारा कोणी भेटला नाही असं होतच नाही. त्यामुळे दोरा कधी खोटा ठरला नाही, बोलणारा मात्र नेहमी दोषी ठरला.

खरं औषध फार लांब नव्हतं. ब्रिटिश अमदानीत टपाल कचेरीतून पैशाला क्विनीनची पुडी विकायची पद्धत १८९२ मध्ये बंगालात सुरू झाली आणि पुढे इतर प्रांतांतही गेली. पण क्विनीन कडू जहर, त्याने कानात घूं घूं व्हायचं, डोकं गरगरायचं. दोऱ्याने यातलं काही व्हायचं नाही. लोक दोन्ही करत आणि नाव दोऱ्याचं घेत.

इलाजाची कीर्ती शरीरात ठरत नसे, ती पारावर ठरे. पार म्हणजे वडा-पिंपळाभोवतीचा ओटा. संध्याकाळी गुरं घरी आली की बिडी-तंबाखूसह गावातली बुढी मंडळी तिथे जमायची. बरा झालेला माणूस पारावर येऊन सांगतो. बरा न झालेला खाटेवर असतो, त्याच्याकडून ऐकायला कोणी जात नाही. मेलेला तर काहीच सांगत नाही. दहा जणांना मुळी दिली, सहा आपोआप बरे झाले, दोन कुढत राहिले, दोन गेले, असं धरा. पारावर सहाच बोलतील, आणि ऐकणाऱ्याला वाटेल की शंभर टक्के गुण आहे. पण पारावर आणखी एक गोष्ट चालायची, ती म्हणजे टिंगल. ज्याचा इलाज सारखा फसतो त्या वैदूला तिथे नाव पडायचं, आणि एकदा नाव पडलं की त्याच्या पुढच्या पिढीला ते पुसता येत नसे. दवाखाना नाही, नोंदवही नाही, अशा गावात इलाजांची पारख करणारी एवढीच व्यवस्था होती. ती किती चालायची आणि कुठे बंद पडायची, हे पुढे येईलच.

आठवडी बाजारात या टिंगलीलाही चकवणारे लोक येत. एका कडेला फडकं अंथरलेलं, त्यावर मुळ्या, साली, कवड्या, कुठल्या जनावराचं नख, आणि बाजूला टोपलीत साप व खुंटीला बांधलेलं मुंगूस. "आता लढत लावतो" म्हणून तो दोन तास बोलायचा. लढत काही लागायची नाही, पुड्या मात्र खपायच्या. हा माणूस उत्तम नट असे. आधी हसवायचा, मग घाबरवायचा, मग गर्दीतल्याच एकाला पुढे बोलवायचा, आणि तो एक बहुधा त्याच्याच बिऱ्हाडातला असायचा.

दातातली कीड काढणारे त्याच बाजारातले. दात किडण्यामागे किडा नसतोच. तोंडातले जंतू गोडधोड पिठूळ खाण्यापासून आम्ल तयार करतात आणि ते दात पोखरतं. पण कीडवाला निखाऱ्यावर रिंगणीसारख्या झाडाचं बी टाकायचा, नळीने धूर दाढेशी न्यायचा, आणि खालच्या पाण्याच्या वाटीत पांढऱ्या बारीक अळ्या तरंगताना दाखवायचा. उष्णतेने बी तडकतं आणि त्यातला पांढरा कोंब बाहेर येतो, तीच ती अळी. वाटीत डोकावणाऱ्याला आपल्या दाढेतून एवढं सैन्य निघालेलं पाहून अर्धं बरं तिथेच वाटायचं. काविळीची माळही अशीच. ओल्या काड्यांचे तुकडे खास गाठीने दोऱ्यात ओवून गळ्यात घालत. रोज माळ लांबत जाई, गळ्यातून छातीवर, छातीवरून पोटावर, आणि कावीळ उतरत जाई. काड्या वाळून आकसल्या की गाठी सैल पडतात आणि दोरा मोकळा होऊन माळ लांबते. ती खुंटीच्या गळ्यात घातली तरी लांबेल. दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत स्वतःहून ओसरते. दोन घटना शेजारी शेजारी घडतात, आणि डोळ्यांना वाटतं की एक दुसरीला ओढते आहे. १९८०च्या दशकात नागपुरातून अंधश्रद्धा निर्मूलनाची चळवळ गावोगाव गेली. तिचे कार्यकर्ते अशा करामती स्टेजवर करून दाखवत, आणि लोक खळखळून हसत. बाजारातल्या माणसाचीच कला त्यांनी त्याच्यावर उलटवली होती.

विंचू उतरवणाऱ्याचं यश समजायला फार डोकं लागत नाही. काळ्या विंचवाच्या दंशाने जीव कासावीस होतो, पण बहुतेक मोठ्या माणसांची वेदना काही तासांनी आपोआप उतरते. मंत्र, आघाड्याची मुळी, तांब्याचं नाणं, जे काही त्या तासांत चालू असेल ते यशस्वी. लाल विंचू मात्र हृदयावर घाला घालतो, लेकरांना तर फार लवकर. त्यावर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध वापरून मृत्यू कमी करून दाखवले, ही मंत्राच्या आवाक्यातली गोष्ट नव्हती.

सापाचं गणित जास्त फसवं. आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी. जीव घेणारे मुख्यतः चार : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. घोणशीला इकडे परड म्हणतात. त्यातही विषारी साप प्रत्येक वेळी विष सोडतोच असं नाही, कोरडा दंशही असतो. त्यामुळे कोणाला पान लागलं म्हणून मारुतीच्या देवळात आणलेल्या दहा जणांपैकी बरेच जण रात्रभर लिंबाचा पाला चावत, बाजा ऐकत, सकाळी चालत घरी जायचे. उरलेल्यांसाठी मांत्रिकाकडे तयार कारणं असत : उशीर केला, विटाळ झाला, वाटेत कोणी ओलांडलं. सगळ्यांत चलाख मांत्रिक तो, जो आधी पापण्या बघायचा. पापण्या मिटू लागल्या, बोलणं जडावलं की तो हात जोडायचा, "मह्या हातचं नाही, दवाखान्यात न्या." नाग-मण्यारीच्या विषाने स्नायू लुळे पडताहेत, ही खूण त्याने बरोबर ओळखलेली असे. अपयशाचा डाग नको म्हणून का होईना, तो कधी कधी जीव वाचवून जायचा.

आता जे खरंच चालायचं त्याबद्दल, कारण सगळ्याला थोतांड म्हणणं हाही आळसच आहे.

विदर्भाचं ऊन सांगायला नको. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला ही नावं मे महिन्यात बातम्यांत येतात ती पाऱ्याने पंचेचाळिशी ओलांडली म्हणूनच. त्यावर दोन इलाज सर्वांना माहीत होते : खिशात कांदा आणि पोटात पन्हं. कांदा ऊन शोषून घेतो म्हणत. खिशातला कांदा काहीही शोषत नाही, संध्याकाळी फक्त थोडा मऊ पडतो. पन्ह्याचं वेगळं. कैरी निखाऱ्यात भाजायची, साल काळी पडून आतला गर लोण्यासारखा झाला की तो माठातल्या पाण्यात कुस्करायचा, त्यात गूळ, मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड. उन्हात शरीर घाम गाळून स्वतःला थंड ठेवतं. घामातून पाणी जातं, मीठही जातं. नुसतं पाणी ढोसलं तर मीठ भरून निघत नाही. आतड्यात साखर आणि मीठ जोडीने आत घेतले जातात आणि त्यांच्यामागे पाणी ओढलं जातं. हगवणीत आपण जी मीठ-साखरेची जलसंजीवनी देतो, तिचं तत्त्व हेच. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी तिच्या जोरावर कॉलऱ्याचे असंख्य रोगी वाचवले. पन्ह्यातलं प्रमाण तितकं मोजलेलं नसतं, पण दिशा बरोबर होती.

मग कांदा टिकला कसा? ज्या गड्याला निघताना माय कांदा देते, त्याला ती डोक्या-कानाला दुपट्टाही बांधायला लावते, पाण्याची तुंबडीही देते, आणि "बारा वाजता वावरातून घरी ये" म्हणून बजावते. काम दुपट्टा, पाणी आणि सावली करतात. कांदा फक्त सोबत असतो, गावच्या पुढाऱ्यासारखा, आणि फोटोत मध्यभागी तोच.

नारूचा इलाज तर थेट शस्त्रक्रियाच होती. पायविहिरीच्या पाण्यात अगदी बारीक जलकिडे असत, त्यांच्या पोटात नारूची पिल्लं. ते पाणी प्यायलं की वर्षभराने पायाला फोड यायचा आणि त्यातून पांढऱ्या दोऱ्यासारखा जंत डोकं काढायचा, कधी हातभर, कधी त्याहून लांब. जाणती माणसं तो काडीला गुंडाळत, रोज थोडा थोडा पीळ देत, आठवडेच्या आठवडे. घाई केली आणि तुटला तर पाय सुजून माणूस महिनोन्महिने लंगडा. हीच पद्धत डॉक्टरही वापरत. यावर दुसरं रामबाण औषध निघालंच नाही. गावाला इलाज अचूक माहीत होता, कारण मात्र नाही. लंगडत विहिरीच्या पायऱ्या उतरणारा माणूस फोड बुडवून पाण्यात नवी पिल्लं सोडत होता, आणि पाणी फडक्याने गाळून प्यायलं असतं तर चक्र तिथेच थांबलं असतं. शेवटी पायविहिरी बुजवून, हातपंप बसवून, पाणी गाळायला शिकवून नारू गेला. देशातला शेवटचा रोगी १९९६ मध्ये सापडला आणि २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त ठरवला.

ओवा, करंजाचं तेल, डाळिंबाची साल यांतही खरे गुण आहेत, ते इथे उगाळत बसत नाही. बिबा मात्र सांगितला पाहिजे. मेळघाटापासून गडचिरोलीपर्यंतच्या जंगलात हे फळ मिळतं. बिब्बे फोडून गोडंबी काढणाऱ्या बायांचे हात चिक उडून भाजलेले असतात. हाच चिक सुईच्या टोकावर गरम करून टाचेच्या भेगांना लावत, दुखऱ्या गुडघ्यावर ठिपके देत. त्याने कातडीवर फोड येतो आणि नव्या आगीपुढे जुनी कळ विसरली जाते. हा इलाज आहे की शिक्षा, यावर पारावर वाद व्हायचा.

पारावरचं हसू कुठे थांबायचं, ते इथून पुढे. उसण, उचकी, दाढ, काविळीची माळ, सगळ्यावर विनोद होते. पण नाळ कापलेल्या जागी शेण किंवा राख लावायचे, त्यावर विनोद नव्हता. शेणामातीत धनुर्वाताचे जंतू असतात. आठवड्याभरात लेकरू दूध ओढेनासं व्हायचं, अंग ताठायचं आणि जायचं. मेळघाटात कोरकू लेकराचं पोट फुगलं की तापलेल्या लोखंडाने पोटावर चटके देत, त्याला डंबा म्हणतात, आणि तो देणारा बहुधा भूमका, म्हणजे त्यांचा गावातला वैदू-मांत्रिक. गेलेल्या लेकरावर कोण हसणार? लोक मान खाली घालत आणि "देवाचं देवाने नेलं" म्हणत. ज्या इलाजाची टिंगल झाली तो सुटला तरी, नाहीतर निरुपद्रवी करमणूक होऊन राहिला. ज्यात जीव गेले, त्याची चर्चाच झाली नाही, म्हणून तो पिढ्यान् पिढ्या चालला. मेळघाटातून डंब्याच्या बातम्या आजही अधूनमधून येतात.

साथ आली की सगळंच गप्प. १९१८च्या इन्फ्लुएंझाच्या तापाला लोकांनी मानमोडी म्हटलं. देशात सव्वा कोटीच्या वर माणसं गेली असा अंदाज आहे, आणि मध्य प्रांत-वऱ्हाड सर्वाधिक होरपळलेल्या भागांतला. तेव्हा मरीमायचा गाडा शिवेपार लोटण्यापलीकडे कोणाच्या हाती काही नव्हतं. एरवी मात्र गावाने रोगराईलाही वर्षातून एक दिवस थट्टेचा नेमून दिला होता. पोळ्याला तोरणाखाली झडत्या, म्हणजे टोमण्यांची गाणी, म्हणताना महादेव-पार्वतीपासून सावकारापर्यंत कोणाची गय नसे. दुसऱ्या दिवशी पहाटे पोरं पळसाच्या फांद्या ओढत "खोकला घेऊन जाय गे मारबत" ओरडत शिवेबाहेर जात. भंडारा-गोंदियाकडे तिची नारबोद होते. नागपुरात मारबतीचा मोठा पुतळाच मिरवतात : काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते असं सांगतात, सोबत पुढाऱ्यांची खिल्ली उडवणारे बडगे, म्हणजे पुरुषांचे पुतळे. श्रावण अमावास्येनंतर महिना-दीड महिन्यात पाऊस सरतो, माश्या-चिखल कमी होतात, दुखणी ओसरू लागतात. मारबतीचा मुहूर्तही पायाळूच्या लाथेसारखाच, कळसाच्या आसपासचा.

हसू आणि इलाज यांची गाठ सगळ्यांत धीटपणे कोणी मारली असेल तर गाडगे महाराजांनी. जन्म १८७६, अमरावती जिल्ह्यातलं शेंडगाव. दिवसा खराट्याने गावाची गटारं-उकिरडे झाडायचे आणि रात्री त्याच स्वच्छ जागी कीर्तन. कीर्तनात पोथी कमी, प्रश्न जास्त, आणि तेही अस्सल वऱ्हाडीत. नवसाचं बकरं, अंगारा, गंडेदोरे, एकेक घेऊन ते समोरच्यांनाच विचारत आणि त्यांच्याच तोंडून उत्तर काढत. लोक हसता हसता अडकायचे. ज्या गोष्टींवर पार कधी हसला नव्हता, त्यांवर हसायची मुभा या फाटक्या गोधडीतल्या माणसाने दिली. खराट्याचा हिशेबही चुकीचा नव्हता. हगवण, पटकी आणि जंत घाणीतूनच पसरतात.

पण टिंगल नेहमी योग्य बाजूनेच झाली असंही नाही. कुत्रं चावलं की सात विहिरींत डोकावून यायचं, असा इलाज होता. पिसाळ झालेल्या रोग्याला पाण्याची धास्ती बसते, यावरूनच तो सुचला असावा. चावणारं प्रत्येक कुत्रं पिसाळलेलं नसतं आणि पिसाळलेलं चावलं तरी प्रत्येकाला रोग होतोच असं नाही, म्हणून विहिरींचा बोलबाला झाला. त्याच काळात दवाखान्यात पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागत. त्या चौदांवर पारावर इतके विनोद झाले की माणसं दवाखान्यापेक्षा विहिरी पसंत करू लागली. आणि एकदा लक्षणं दिसली की या रोगातून जवळपास कोणीच वाचत नाही, ते आजही.

आता इंजेक्शनं दंडात आणि मोजकीच असतात, सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. जखम आधी साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी सुई घ्यायची. साप, कुत्रा किंवा विंचू चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र-गंडेदोऱ्याचे उपचार करणं हा महाराष्ट्रात २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. पायाळूच्या लाथेबद्दल कायद्यात काही नाही.